बोकडाचे मटण एकदा मऊ, एकदा चिवट: दोष जातीचा, खुराकाचा की कापणीचा?

प्रश्न: माळावरचा शेळीपालक, बार्शी

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे गेल्या सहा वर्षांपासून उस्मानाबादी शेळ्या आहेत. त्या दिवसातून चार तास माळावर चरतात आणि उरलेला वेळ गोठ्यात शेवरी, सुबाभूळ, कडब्याची कुट्टी व तुरीचे भुसकट खातात. पूर्वी मी बोकड आठवडी बाजारात नगावर विकत असे. व्यापारी कमरेवर हात दाबून किंमत सांगे आणि ती आपण मान्य करायची, एवढाच तो व्यवहार होता. आपण जे जनावर दीड वर्ष हाताने वाढवतो, त्याचे मटण कसे निघाले हे आपल्याला कधीच कळत नाही, ही गोष्ट मला फार खटकत होती, म्हणून ओळखीच्या कुटुंबांना थेट मटण देण्याचे ठरवले.

पहिली खेप दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये केली. दहा महिन्यांचे सहा बोकड होते आणि जिवंत वजन सरासरी २२ किलो होते. तालुक्याच्या कत्तलखान्यात, पशुवैद्यकांच्या तपासणीनंतर, संध्याकाळी कापणी झाली. वाहनाची सोय दुसऱ्या दिवशी असल्यामुळे धडे रात्रभर आमच्या खाटीकदादांच्या जाळीच्या खोलीत टांगून ठेवली आणि पहाटे तुकडे करून वाटली. मटणाची सर्वांनी एकमुखाने स्तुती केली.

दुसरी खेप यंदाच्या मे महिन्यात केली. या वेळी गिराइकांची संख्या वाढल्यामुळे मी बोकड पंधरा महिन्यांपर्यंत ठेवले, शेवटचे तीन महिने रोज अर्धा किलो मक्याचा भरडा व सरकी पेंड दिली, आणि वजन ३४ किलोपर्यंत नेले. त्यांना टेम्पोतून सुमारे दोनशे किलोमीटरवर पुण्याला नेले. तेथे उतरवल्यावर तासाभरात कापणी झाली, लगेच तुकडे करून पिशव्या भरल्या आणि त्या शीतपेटीत ठेवल्या. या मटणाबद्दल मात्र तक्रारी आल्या. कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तरी ते चिवट राहिले, दोन घरांनी उग्र वास आल्याचे सांगितले, आणि एका ताईंनी मटण काळपट व चिकट दिसत असल्याचे छायाचित्र पाठवले.

माझे मेहुणे म्हणतात की उस्मानाबादी जातीत मुळातच दम नाही, बोअर या परदेशी जातीचा संकर आणावा. शेजारी म्हणतात की सरकी पेंडीने वास आला. जात तीच, माळ तोच, मग एवढा फरक कशाने पडला असावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: निवृत्त पशुवैद्य, परभणी

आपण दोन्ही खेपांची हकिकत इतक्या नेमकेपणाने लिहिली आहे की उत्तराचा निम्मा भाग तिच्यातच आहे. दोन खेपांमध्ये जात सोडून बाकी जवळजवळ सर्व बदलले आहे: वय, खुराक, प्रवास, विश्रांती, ऋतू आणि कापणीनंतरची हाताळणी. त्यामुळे जातीवर दोष ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रथम वासाविषयी. सरकी पेंडीचा येथे संबंध नाही. आपण बोकड खच्ची केल्याचे लिहिलेले नाही, म्हणून ते अंडील असावेत असे मी धरतो. पंधरा महिन्यांचा अंडील बोकड पूर्ण वयात आलेला असतो, आणि गोठ्यात माजावर येणाऱ्या शेळ्या असतील तर तो सतत उत्तेजित असतो. बोकडाचा जो विशिष्ट दर्प असतो, तो मुख्यतः चरबीत साठणाऱ्या काही स्निग्धाम्लांचा असतो, त्यांत ४-इथाइल ऑक्टॅनोइक आम्ल हे प्रमुख आहे. नर संप्रेरकांमुळे त्यांचे प्रमाण वाढते. दहा महिन्यांच्या बोकडात हा दर्प अल्प असतो, पंधरा महिन्यांच्या बोकडात तो भांड्यातही जाणवतो. बुर्डिझो चिमट्याने (कातडी न कापता आतली नस चेपणाऱ्या चिमट्याने) तीन-चार महिन्यांच्या वयात खच्चीकरण करून घेतल्यास हा प्रश्न बहुतांशी मिटतो. वाढीचा वेग किंचित कमी होतो, ही त्याची किंमत आहे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. खच्ची बोकडाला भरपूर धान्य दिल्यास मूतखड्याचा धोका असतो, कारण धान्यात व कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) अधिक आणि चुना (कॅल्शियम) कमी असतो, आणि लहान वयात खच्ची केलेल्या नराची मूत्रनलिका अरुंद राहते. आहारात चुना व स्फुरद यांचे प्रमाण दोनास एक असे राखावे, खनिज मिश्रण व मीठ द्यावे आणि पाणी सदैव समोर असावे. खुराकही एकदम वाढवू नये, तो दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावा, अन्यथा पोटात आम्लता वाढते आणि आंत्रविषाराने (आतड्यातील जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगाने) चांगली जनावरे एका रात्रीत जातात. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घेतली असेलच.

आता काळपट व चिकट मटणाविषयी. जिवंत स्नायूत ग्लायकोजेन या रूपात साखरेचा साठा असतो. कापणीनंतर त्याचे दुग्धाम्ल होते आणि स्नायूचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) सुमारे ७ वरून एका दिवसात ५.५ ते ५.८ पर्यंत उतरतो. ही आम्लताच मटणाला उजळ रंग देते आणि जंतूंची वाढ रोखते. बोकड मे महिन्याच्या उन्हात टेम्पोत उभा राहून दोनशे किलोमीटर आला, अनोळखी जागी घाबरला, कदाचित दुसऱ्या बोकडांशी झुंजला, तर हा साठा वाटेतच संपतो. मग आम्ल तयार होत नाही, पीएच ६ च्या वर राहतो, आणि मांस काळसर, चिकट व लवकर खराब होणारे निघते. शेळी हे मुळातच घाबरट जनावर आहे, त्यामुळे हा दोष मेंढीपेक्षा शेळीत अधिक दिसतो. आपण तीन महिने पैसे मोडून जो खुराक दिला, त्याचे फळ टेम्पोच्या पाच-सहा तासांत गेले, हे मला मनापासून वाईट वाटते.

प्रवास रात्री करावा, गाडीत गवताचा थर द्यावा, एकाच कळपातील जनावरे एकत्र ठेवावीत, आणि उतरवल्यावर किमान एक रात्र सावलीत विश्रांती द्यावी. कापणीपूर्वी सुमारे बारा तास चारा बंद ठेवावा, म्हणजे पोट हलके राहते आणि आतडी काढताना मटण विटाळत नाही. पाणी मात्र अखेरपर्यंत द्यावे.

उत्तर २: मटण दुकानदार, लातूर

आमच्या घरात हा व्यवसाय तीन पिढ्यांचा आहे. डॉक्टरसाहेबांनी शास्त्र सांगितले, मी फक्त सुरीच्या बाजूचे सांगतो, कारण जनावर उत्तम असूनही हाताने बिघडवता येते हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

माझे वडील जनावर विकत घेताना आधी ओठ उचलून दात पाहत. दुधाचे दात असतील तर रस्सा, सुके, बिर्याणी सर्व काही चांगले होते. दोन मोठे दात आले म्हणजे जनावर वर्षाच्या पुढे गेले, आणि त्याला मंद आचेवर वेळ द्यावा लागतो. दादा, आपले पंधरा महिन्यांचे बोकड दोन दाती असणार. दोन दाती म्हणजे वाईट नव्हे, पण गिराइकाला तसे सांगून द्यावे लागते.

वासाविषयी डॉक्टरसाहेब म्हणाले ते खरेच आहे, परंतु निम्मा वास कातडे सोलताना लागतो. अंडील बोकडाच्या केसांना, विशेषतः मानेच्या व शिंगांच्या मागच्या भागाला, तो दर्प चिकटलेला असतो. आमच्याकडे शिकाऊ पोराला पहिला धडा हाच असतो की ज्या हाताने कातडे धरले तो हात मटणाला लागता कामा नये. एक हात कातड्याचा, एक हात मटणाचा, आणि केसाची बाजू नेहमी बाहेरच्या अंगाला दुमडत न्यायची. घाईच्या ठिकाणी, जेथे एकामागून एक पन्नास जनावरे सोलायची असतात, तेथे हे पाळले जात नाही. काही ठिकाणी कातडे सुटे व्हावे म्हणून आत हवा भरतात, तेही मी चुकीचे मानतो, कारण त्या हवेबरोबर घाण थेट मांसावर जाते.

रक्ताविषयी सांगायचे तर, सुरीला धार असावी, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एका कापात कापल्या जाव्यात आणि जनावर टांगून रक्त पूर्ण निथळू द्यावे. धापा टाकणारे जनावर कापायला घेऊ नये, त्याला आधी शांत उभे राहू द्यावे. आणि सोललेल्या धडावर बादलीने पाणी ओतू नये. पाण्याने वजन भरल्यासारखे वाटते, पण ओले मटण संध्याकाळपर्यंत आंबूस होते. कोरड्या हवेत टांगलेल्या धडावर जी पातळ पापडी धरते, तीच त्याचे रक्षण करते.

शेवटी तुकड्यांविषयी. शीतपेटीत भरताना मान, सीना, दस्ती, चाप, पुठ्ठा, मांडी आणि नळ्या हे सर्व एकत्र मिसळून किलोकिलोच्या पिशव्या भरल्या असतील, तर एकाच पातेल्यात एक तुकडा विरघळतो आणि दुसरा कच्चा राहतो. मानेत आणि नळीत शिरा जास्त असतात, त्यांना दीड-दोन तास मंद आच लागते, तेव्हा त्यांचा चिकट, दाट रस्सा होतो. चापेला तेवढा वेळ दिला तर ती कोरडी पडते. पिशव्या वेगळ्या करून त्यांवर नाव लिहिण्याचे कष्ट घ्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उत्तर ३: संकरित शेळ्यांचा पालक, फलटण तालुका

मेहुण्यांच्या सूचनेविषयी लिहितो, कारण माझ्याकडे उस्मानाबादी आणि बोअर संकर अशा दोन्ही शेळ्या आहेत. बोअर ही दक्षिण आफ्रिकेतील, निवडून निवडून मांसासाठी घडवलेली जात आहे. आमच्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ती या भागात आणून तिचा प्रसार केला, त्यामुळे येथे तिची ओळख जुनी आहे. संकरित करडे झपाट्याने वाढतात, त्यांची पाठ व मांड्या रुंद असतात, आणि जिवंत वजनाच्या तुलनेत मटणाचा उताराही अधिक पडतो. देशी बोकडाचा उतारा ४२ ते ४८ टक्क्यांच्या आसपास असतो, चांगल्या बोअर नराचा ५० टक्क्यांच्या वर जातो.

परंतु मऊपणाच्या दृष्टीने जातीचा खरा उपयोग वेगळाच आहे. संकरित बोकड २५ किलोचे वजन देशी बोकडापेक्षा काही महिने आधी गाठतो, म्हणून त्याच वजनाचे मटण कोवळ्या जनावराचे मिळते. म्हणजे येथेही मुद्दा वयाचाच ठरतो. हा फायदा खुराक असेल तरच मिळतो. माळावरच्या चराईवर संकरित करडू खंगते, तर उस्मानाबादी तेथेच जुळी देऊन ती वाढवते. कोकणातल्या पावसात तर उस्मानाबादीचीही दैना होते, तेथे सिंधुदुर्गातली कोकण कन्याळच हवी. जात ही त्या त्या मातीची गरज म्हणून निवडावी, चवीच्या तक्रारीवरचा उपाय म्हणून नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट खुराकाबद्दलही सांगावीशी वाटते. शेळी चरबी स्नायूंच्या आत फारशी साठवत नाही, ती पोटात, आतड्यांभोवती आणि मूत्रपिंडांभोवती साठवते. त्यामुळे तीन महिन्यांनंतरही खुराक चालू ठेवला तर आपण पोटातली चरबी वाढवतो, जी आपल्या गिराइकांपैकी बहुतेक जण नाकारतात. मी शेवटचे ६० ते ७५ दिवसच भरडा देतो, आणि तोही अडीचशे ते तीनशे ग्रॅम. प्रथिनांसाठी शेवरी व दशरथ घास यांवर भर असतो. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक देत नाही, कारण त्यातील मायमोसिन या विषारी द्रव्यामुळे केस गळतात आणि वाढ खुंटते.

उत्तर ४: प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरसाहेब, आपला अंदाज बरोबर आहे, बोकड अंडील होते आणि त्याच गोठ्यात शेळ्या होत्या. दोन्ही खेपांमध्ये ते खच्ची नव्हते. वास आणि काळपटपणा यांचा उलगडा झाला. मात्र एक शंका उरते. दुसऱ्या खेपेतील दोन बोकडांचे मटण उजळ, ताजे आणि वास नसलेले होते, तरीही ते चिवटच होते. मी स्वतः मांडीचे तुकडे कच्ची पपई लावून दोन तास शिजवले, तरी दातांखाली रबरासारखे लागत होते. केवळ पाच महिन्यांच्या वयाने एवढा फरक पडेल का?

उत्तर ५: मूळचा साताऱ्याचा, सध्या हॅमिल्टन, न्यूझीलंड

आपल्या शंकेचे उत्तर "लगेच तुकडे करून पिशव्या भरल्या आणि त्या शीतपेटीत ठेवल्या" या आपल्याच वाक्यात आहे. मी येथे मांस प्रक्रिया उद्योगात काम करतो, आणि ज्या दोषाने आपले मटण बिघडले त्याच दोषाने एके काळी या देशाच्या निर्यातीला ग्रासले होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

न्यूझीलंडमधून गोठवलेल्या मांसाचे पहिले जहाज, ‘डनेडिन’, फेब्रुवारी १८८२ मध्ये इंग्लंडकडे निघाले, आणि त्यानंतर दीर्घकाळ गोठवलेले कोकराचे मांस हा या देशाच्या निर्यातीचा एक कणा होता. पुढे शीतयंत्रे जसजशी जलद झाली तसतशा मांस चिवट असल्याच्या तक्रारी वाढल्या, आणि जनावरे तर पूर्वीसारखीच होती. १९६३ मध्ये लॉकर आणि हॅगयार्ड या येथील संशोधकांनी त्याचे कारण दाखवून दिले. कापणीनंतर काही तास स्नायू एका अर्थाने जिवंतच असतो, त्यात आकुंचनाची शक्ती शिल्लक असते. अशा अवस्थेत तो १० अंश सेल्सियसच्या खाली गेला तर तो आक्रसतो. हाडापासून सुटा केलेला स्नायू शून्याजवळच्या तापमानाला जवळजवळ निम्म्या लांबीचा होऊ शकतो. सर्वांत कमी आकुंचन १५ अंशांच्या आसपास होते. आक्रसलेल्या स्नायूचे तंतू एकमेकांत इतके घट्ट रुतलेले असतात की शिजवून शिरा विरघळल्या तरी तंतू सुटत नाहीत. पपई का हरली, हे यावरून लक्षात येईल.

गोठवल्यास स्थिती आणखी बिकट होते. स्नायूची शक्ती शिल्लक असतानाच तो गोठला, तर ती शक्ती बर्फात अडकून राहते आणि वितळताना एकदम मोकळी होते, तेव्हाचे आकुंचन सर्वांत तीव्र असते. असे तुकडे गोठलेल्या स्थितीतच कुकरमध्ये घातले तर रबरच होते. शेळीचे धड लहान, वरची चरबी पातळ, त्यामुळे ते मोठ्या जनावरापेक्षा फार लवकर थंड होते, आणि आपण तर हाडावरून तुकडेही आधीच करून ठेवले होते, म्हणजे स्नायूला ताणून धरणारे काहीच उरले नव्हते.

आता आपली पहिली खेप पाहा. नोव्हेंबरातली बार्शीची रात्र, तापमान साधारण पंधरा अंश, धड अखंड, जाळीच्या खोलीत टांगलेले, बाहेरून कोरडी हवा. येथील कारखाने लाखो रुपयांची यंत्रणा लावून जी स्थिती साधतात ती आपल्याला वाहन न मिळाल्यामुळे आपोआप लाभली. पहाटेपर्यंत स्नायू ताठरून शांत झाला होता, पीएच उतरला होता, आणि मगच सुरी लागली.

आमच्याकडे साधा नियम पाळतात: कापणीनंतर पहिले दहा तास मांस दहा अंशांच्या खाली जाऊ द्यायचे नाही. त्यानंतर ते चार अंशांपर्यंत उतरवावे आणि शक्य असल्यास दोन-तीन दिवस अखंड टांगून ठेवावे, कारण त्या काळात स्नायूतीलच विकरे (एन्झाइम) तंतू सैल करतात. गोठवायचे ते त्यानंतर. मात्र मे महिन्यात चाळीस अंशांच्या उन्हात धड बाहेर टांगणे हा याचा अर्थ नव्हे. उष्णतेनेही स्नायू आक्रसतो, शिवाय जंतू वाढतात ते वेगळेच. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्राने १५ अंशांवर ठेवलेली, स्वच्छ आणि कोरडी खोली हाच मार्ग आहे.

उत्तर ६: गृहिणी, सोलापूर

मूळच्या सातारकर दादांचे उत्तर वाचून माझ्या सासूबाईंची शिस्त आठवली. सकाळी सातला कापलेले मटण त्या नऊच्या आत चुलीवर चढवत, आणि ते जमले नाही तर दुसऱ्या दिवशीच शिजवत, परंतु दुपारी कधीही नाही. "दुपारी ते ताठलेलं असतं," एवढेच त्या म्हणत. आम्ही ती एक रीत समजत होतो. स्नायू ताठरण्याच्या आधी किंवा तो सैल झाल्यानंतर शिजवणे, असा त्याचा अर्थ आहे, हे आज कळले.

उत्तर ७: प्रश्नकर्ता, पाच महिन्यांनंतर

कळवण्यास उशीर झाला, पण काही करून पाहिल्याशिवाय लिहू नये असे वाटले. मे-जूनमध्ये जन्मलेली नर करडे साडेतीन महिन्यांची असताना खच्ची करून घेतली आहेत, त्यांचा निकाल पुढल्या वर्षी कळेल. दरम्यान गेल्या आठवड्यात अकरा महिन्यांच्या चार अंडील बोकडांची कापणी केली. त्यांना दीड महिना आधीच शेळ्यांपासून वेगळे ठेवले होते, भरडा अडीचशे ग्रॅमवर आणला होता, आणि पुण्याचा प्रवास जनावरांऐवजी मटणाने करावा असे ठरवले. तालुक्याच्या कत्तलखान्यात संध्याकाळी सहाला कापणी झाली. आमच्या खाटीकदादांना लातूरच्या दुकानदारांचे उत्तर वाचून दाखवले होते, तेव्हा ते म्हणाले की आपल्या गुरूंनीही हेच शिकवले होते, फक्त घाईत ते सुटत गेले. या वेळी त्यांनी एकेक धड सोलायला वेळ घेतला.

धडे रात्रभर १५ अंशांवर ठेवलेल्या खोलीत टांगली, सकाळी शीतगृहात हलवली, आणि तिसऱ्या दिवशी तुकडे करून, मान व नळ्या वेगळ्या, चाप वेगळी, मांडी वेगळी अशा पिशव्या भरल्या. बारा कुटुंबांपैकी अकरा कुटुंबांनी मटण उत्तम असल्याचे कळवले. बाराव्या घरी मानेचे तुकडे कुकरच्या तीन शिट्ट्यांत उतरवले होते. त्यांना पुढच्या वेळी मंद आचेवर दीड तास ठेवण्यास सांगितले आहे. वीजबिल आणि शीतगृहाचे भाडे धरून किलोमागे खर्च वाढला आहे, त्याचा नेमका हिशेब दिवाळीनंतरच्या खेपेत मांडेन. तोपर्यंत बोअर नर आणण्याचा विचार मी बाजूला ठेवला आहे, आणि मेहुण्यांना त्याच खेपेतली एक मांडी पाठवली आहे.